पाठ फिरली की पुसले जाणारे शहर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून जुना, वापरलेला प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे हातात धरून खेळायचे यंत्र, विकत घेतला आणि त्यासोबत ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: लिबर्टी सिटी स्टोरीज’ या खेळाची छोटी डिस्कही आणली. भाचा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण गुन्हेगारी टोळ्यांवरचा हा खेळ लहान मुलांसाठी नाही आणि तसे त्याच्या वेष्टनावर छापलेलेही असते. दोन-तीन दिवस खेळल्यावर त्याने मला विचारले, “मामा, आत्ता इथं चौकात एक टॅक्सी उभी होती. मी पलीकडं बघितलं आणि परत वळलो, तर टॅक्सी नाही. गेली कुठं?” त्याला वाटले यंत्र जुने असल्याने बिघडले आहे. प्रत्यक्षात टॅक्सी कुठेच गेली नव्हती. त्याची नजर हटल्यावर ती अस्तित्वातूनच काढून टाकण्यात आली होती, आणि अशी काढून टाकण्याची सोय नसती तर ते शहर त्या यंत्रात उभेच राहू शकले नसते.

हा खेळ २००५ सालच्या ऑक्टोबरमध्ये आला. रॉकस्टार लीड्स आणि रॉकस्टार नॉर्थ या ब्रिटनमधल्या दोन स्टुडिओंनी तो केला. कथा १९९८ सालात लिबर्टी सिटी या काल्पनिक शहरात घडते आणि टोनी सिप्रियानी हा माफियाचा हस्तक तिचा नायक, म्हणायचे तर नायक, आहे. अशा खेळांना ‘मुक्त जगाचे’ खेळ म्हणतात, कारण ठरलेल्या वाटेने ठरलेल्या दारापर्यंत जाण्याची सक्ती त्यांत नसते. खेळाडू वाटेल त्या गल्लीत शिरतो, समोर दिसेल ती गाडी पळवतो आणि कथा बाजूला ठेवून तासभर नुसता भटकतो. लेखकाला आणि चित्रकाराला हे स्वातंत्र्य आवडेल, पण यंत्रासाठी ती कठीण परीक्षा असते, कारण पुढच्या दहा सेकंदांत शहराचा कोणता भाग लागणार आहे हे त्याला आधी सांगायला कोणी नसते.

आता यंत्राची ऐपत पाहू. पहिल्या प्लेस्टेशन पोर्टेबलमध्ये ३२ मेगाबाइट मेमरी होती आणि त्यातले ८ मेगाबाइट यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी राखीव असत, म्हणजे खेळाच्या वाट्याला उरले २४. चित्र रंगवण्यासाठी आणखी २ मेगाबाइटची वेगळी मेमरी होती. खेळ ज्या डिस्कवर येई तिच्यावर मात्र १.८ गिगाबाइटपर्यंत माहिती मावत असे. भागाकार केला तर डिस्कवर मावणाऱ्या माहितीचा जेमतेम पंचाहत्तरावा हिस्सा एका वेळी मेमरीत राहू शकतो. त्या हिश्श्यात रस्ते, इमारती, माणसे, गाड्या, आवाज, खेळाचे नियम आणि सध्या चाललेल्या पाठलागाचा हिशेब, असा सगळाच संसार बसवायचा असतो.

यावरचा उपाय ऐकायला साधा आहे. शहराचे तुकडे पाडायचे, खेळाडूच्या भोवतालचे तेवढे तुकडे मेमरीत ठेवायचे, तो पुढे सरकला की समोरचे नवे तुकडे डिस्कवरून उचलायचे आणि मागचे टाकून द्यायचे. आपल्या गावात हे असे होईल: तुम्ही पार्क चौकात उभे असताना मेमरीत स्टेडियम आणि आसपासचे रस्ते एवढेच सोलापूर असेल, आणि अक्कलकोट रस्त्यावरचे कारखाने किंवा विजापूर वेशीतली दुकाने डिस्कवरच्या आकड्यांच्या रूपात निजलेली असतील. तुम्ही चालत निघालात तर यंत्राला पुढची सोय करायला भरपूर वेळ मिळतो, पण पळवलेल्या गाडीत बसलात की वेळ आटतो. समजा एक तुकडा १०० मीटर लांबीचा आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणाऱ्याला तो ओलांडायला ७२ सेकंद लागतात, तर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ३ सेकंद पुरतात. तेवढ्यात डिस्कवरून पुढचा तुकडा आला नाही तर गाडी रस्ता नसलेल्या पोकळीत शिरेल.

त्यात डिस्क ही खरोखरची फिरणारी चकती असते. मेमरीतली माहिती मिळायला सेकंदाचा अब्जांशांत मोजावा असा भाग लागतो, पण डिस्क वाचणारे डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला सेकंदाचे कित्येक हजारांश लागतात आणि संगणकाच्या हिशेबात तो काळ म्हणजे एक युग असते. म्हणून चकतीवरून चालणाऱ्या खेळांत एकाच दिव्याच्या खांबाची माहिती डिस्कवर अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहून ठेवण्याची युक्ती वापरत आले आहेत. त्यात जागा वाया जाते, पण डोक्याची धावपळ वाचते.

माहिती वेळेत आली तरी प्रश्न उरतोच, कारण आलेले सगळे चित्रात काढायचे असते, आणि नजर जितकी लांब जाते तितके काम वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. दिसण्याचे अंतर दुप्पट केले तर नजरेच्या टप्प्यात येणारी जमीन चौपट होते, तिप्पट केले तर नऊपट. म्हणून लांबची इमारत मोजक्या त्रिकोणांच्या ओबडधोबड ठोकळ्यासारखी काढली जाते आणि जवळ गेल्यावरच तिच्या जागी खिडक्या-गॅलऱ्यांची सविस्तर प्रतिकृती येते. त्याहून लांबचे सगळे धुक्यात विरघळवतात. अशा खेळांत हवा नेहमी जराशी धुरकट का असते, याचे उत्तर हवामानात शोधू नये.

पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे भिंत. समोर उंच इमारत असेल तर तिच्यामागचे काहीच काढावे लागत नाही. त्यामुळे अरुंद, वळणावळणाच्या बोळांची वस्ती यंत्राला फार मानवते. सोलापुरावर असा खेळ करायचा झालाच तर जुन्या पेठांमधल्या गल्ल्या विनासायास चालतील आणि प्रोग्रामरची झोप उडवेल ते सिद्धेश्वर तलावाचा काठ. तिथे उभे राहिले की मधे पाण्याचा मोकळा पसारा, त्यात मंदिर, पलीकडे किल्ल्याचे बुरूज आणि त्यांच्या मागे शहर, असे सगळे एकाच वेळी दिसते. आपल्याला सर्वांत सुंदर वाटणारी जागा यंत्राला सर्वांत महाग पडते. शहराच्या आराखड्यात पाणी आणि पूल कुठे घालायचे, हे म्हणूनच केवळ सौंदर्यदृष्टीने ठरत नाही. लिबर्टी सिटी तीन भागांत विभागलेली आहे, आणि या खेळात सुरुवातीला पहिल्या भागाला जोडणाऱ्या मोठ्या पुलाचे काम चालू असल्याचे दाखवून तो बंद ठेवला आहे. आपल्याला रस्त्याच्या कामांची सवय असल्याने ते खोटे वाटत नाही, एवढेच.

भिंती आल्या की त्यांच्यावर रंग, विटा आणि पाट्या आल्या. त्रिमितीय आकारावर जे चित्र चिकटवतात त्याला पोत म्हणतात, आणि मेमरीचा मोठा घास पोतच घेतो. १२८ बाय १२८ ठिपक्यांच्या चित्रात १६,३८४ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ४ बाइटमध्ये लिहिला तर एका चित्राला ६४ किलोबाइट लागतात, आणि अशी ३८४ चित्रे ठेवली की आपले २४ मेगाबाइट संपले. खेळायला माणूस ठेवायलाही जागा उरली नाही. इथे जी युक्ती करतात ती सोलापुरात वेगळी शिकवावी लागू नये. चादरीवर कितीही गुंतागुंतीची नक्षी असली तरी मागावर सुताचे रंग मोजकेच चढवलेले असतात, आणि कोणत्या ठिकाणी कोणत्या रंगाचे सूत वर यायचे एवढेच जकार्ड या नक्षीच्या मागाची छिद्रे पाडलेली कार्डे सांगतात. खेळातही तेच केले जाते. आधी १६ रंगांची एक छोटी यादी लिहितात आणि मग प्रत्येक ठिपक्यासाठी पूर्ण रंग न लिहिता यादीतला क्रमांक लिहितात. १६ पर्यंतचा क्रमांक अर्ध्या बाइटमध्ये बसतो, त्यामुळे ६४ किलोबाइटचे चित्र ८ किलोबाइटवर येते आणि यादीचे ६४ बाइट तेवढे वर लागतात. शिवाय चादरीतला मोर जसा ठरावीक अंतराने पुन्हा येतो, तशी विटांची तीच चौकट संपूर्ण भिंतभर पुन्हा पुन्हा लावली जाते. जोसेफ मारी जकार्डने आपला माग १८०४ च्या सुमारास सिद्ध केला, आणि संगणकाच्या इतिहासात त्याच्या छिद्रांच्या कार्डांना मानाचे स्थान आहे. खेळाच्या भिंतीपर्यंत ही नाळ पोचते, हे आमच्या गावाने थोडे मिरवायला हरकत नसावी.

आता भाच्याच्या टॅक्सीकडे. रस्त्यावरची रहदारी ही शहरभर सतत चालणारी गोष्ट नसते. खेळाडूच्या भोवती, नजरेच्या कडेबाहेर, ठरावीक संख्येच्या मर्यादेत गाड्या निर्माण केल्या जातात, त्या नजरेसमोरून जातात आणि लांब गेल्या किंवा पाठीमागे पडल्या की काढून टाकल्या जातात. गाड्यांचे प्रकारही एका वेळी मोजकेच मेमरीत असतात. त्यातूनच ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेच्या प्रत्येक जुन्या खेळाडूला ठाऊक असलेली गंमत घडते: शहरभर शोधून एखादी दुर्मीळ गाडी पळवावी, तर पुढच्या चौकात तशाच आणखी दोन उभ्या दिसतात. तुम्ही बसलात म्हणून तिची प्रतिकृती मेमरीत आली, आणि आलीच आहे तर यंत्र रहदारीसाठीही तीच वापरते. याला काटकसर म्हणावे की आळस, ते ज्याने त्याने ठरवावे.

या गाड्या चालवणाऱ्यांना रस्ता दिसत नसतो. त्यांच्यासाठी शहर म्हणजे बिंदू आणि रेषा यांचे जाळे: चौक हा बिंदू, रस्ता ही रेषा. सात रस्ता या चौकाचे नाव अशा नकाशाच्या भाषेतच ठेवले आहे, एक बिंदू आणि त्याला जोडलेल्या सात रेषा. बिंदूपाशी आलेली गाडी पुढची एक रेषा निवडते आणि वळते. पोलिसांचेही डोके फार खोल नसते. गस्त, पाठलाग, शोध अशा थोड्या अवस्था ठरवलेल्या असतात आणि कोणत्या प्रसंगी कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायचे याचे नियम असतात. पोलीस तुमच्या किती मागे लागले आहेत हे दाखवणारे पडद्यावरचे तारे संपले की पोलीस तुमचा सगळा इतिहास विसरतात, कारण तो कुठे लिहिलेलाच नसतो.

एवढे सगळे बॅटरीवर चालते, ही हातातल्या यंत्राची खास अडचण. भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या प्लेस्टेशन २ च्या प्रोसेसरचा, म्हणजे हिशेब करणाऱ्या चिपचा, ठोका सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेएकोणतीस कोटी ठोक्यांचा होता. पोर्टेबलचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकत असे, पण २००७ पर्यंत सोनीने खेळांना २२२ ची मर्यादा घातली होती. चिपमध्ये खर्च होणारी वीज ठोक्यांच्या संख्येच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, शिवाय चकती फिरवणारी मोटर आणि पडद्यामागचा प्रकाश यांनाही वीज लागतेच. पहिल्या यंत्राची बॅटरी १,८०० मिलिअँपिअर-तास आणि ३.६ व्होल्टची, म्हणजे जेमतेम साडेसहा वॉट-तासांची होती. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब तिच्यावर साडेसहा मिनिटे जळला असता. २२२ मेगाहर्ट्झवर सेकंदाला ३० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी सुमारे ७४ लाख ठोके मिळतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातच रहदारी, पोलीस, धडका, आवाज आणि डिस्कशी चाललेली देवाणघेवाण उरकायची असते.

माझ्या मते या प्रकारातले सर्वांत हुशार काम मात्र याच मालिकेतल्या नंतरच्या एका खेळात झाले. २००९ सालच्या मार्चमध्ये ‘चायनाटाउन वॉर्स’ हा खेळ निन्टेंडो डीएस या यंत्रावर आला. या यंत्राची मुख्य मेमरी अवघी ४ मेगाबाइट, प्रोसेसर दोन, पण ६७ आणि ३३ मेगाहर्ट्झचे, आणि पडदेही दोन, प्रत्येकी २५६ बाय १९२ ठिपक्यांचे. लिबर्टी सिटी स्टोरीजसारखे शहर इथे बसवणे अशक्यच होते. कर्त्यांनी कॅमेरा उचलून वर आकाशात नेला आणि खाली रोखला. १९९७ सालचा या मालिकेचा पहिला खेळ वरूनच दिसत असे, त्यामुळे हे पूर्वजांकडे परतणे होते, पण त्यामागचे गणित पक्के होते. रस्त्यावर उभे राहून ६० अंशांच्या पाचरीत ३०० मीटर दूरवर पाहिले तर सुमारे ४७,००० चौरस मीटर जमीन दिसते. वरून ५० मीटर रुंदीचा तुकडा त्याच पडद्यावर मावेल असा धरला तर जमीन १,८७५ चौरस मीटर भरते, म्हणजे पंचवीस पट कमी. वर क्षितिजच नाहीसे झाले, त्यासोबत धुके गेले, लांबच्या ठोकळ्यांची गरजही गेली. इमारतींना काळ्या रेघांची कडा देऊन चित्रकथेसारखे रूप दिले, त्यामुळे पोत साधे असल्याचे खटकत नाही, उलट ती शैली वाटते. वाचलेली ताकद मग स्पर्शाच्या पडद्यावर खर्च केली: काही उभ्या गाड्या पळवायच्या तर खेळाडूला स्वतः लेखणीने स्क्रू काढून तारा जोडाव्या लागतात. त्याच वर्षी हा खेळ प्लेस्टेशन पोर्टेबलवरही आला.

हे सगळे मी भाच्याला एका बैठकीत सांगितले नाही, आणि त्याने ते एका बैठकीत ऐकूनही घेतले नसते. त्याला तेवढीच टॅक्सी हवी होती. मी त्याला ती पुन्हा कुठे मिळेल ते सांगितले: दुसरी एखादी पकड आणि आपल्या मुक्कामाच्या गॅरेजमध्ये नेऊन लाव. कारण संबंध शहरात गॅरेज हीच गाड्यांची आठवण ठेवणारी जागा आहे. खेळ जतन करताना तिथल्या गाडीचा प्रकार आणि रंग असे थोडेसे आकडे मेमरी कार्डवर लिहिले जातात आणि पुढच्या वेळी त्या आकड्यांवरून गाडी नव्याने घडवली जाते. दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र सुरू केले आणि गॅरेजसमोर जाऊन उभा राहिला. दार वर गेले, आत पिवळी टॅक्सी उभी होती. तिच्या मागच्या दाराला आदल्या रात्री पडलेला पोचा मात्र नव्हता.