लॅपटॉपातला जीपीएस शोधायचा कसा, आणि गच्चीवर का जायचं

जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपला सिमचा स्लॉट दिसला की मी लगेच म्हणतो, यात जीपीएस असेल बघा. कारण लॅपटॉपात त्याची वेगळी चिप क्वचितच असते, ती ४जी मोडेमच्या कार्डातच बसलेली असते. अर्थात स्लॉट आहे म्हणजे कार्ड आहेच असं नाही, कित्येकदा नुसती जागा सोडलेली असते.

शाहूपुरीतल्या मित्राकडं असाच एक लॅपटॉप, त्यावर लिनक्स. टर्मिनलमध्ये एमएमसीएलआयला (mmcli, मोडेम हाताळायची कमांड) मोडेमची यादी विचारली, कार्ड सापडलं. मग लोकेशन स्टेटस बघितलं तर कॅपेबिलिटीत जीपीएस होतं पण एनेबल्डमध्ये फक्त मोबाईल टॉवरची माहिती, आणि इथंच बरेच जण चालत नाही म्हणून सोडून देतात. चालतंय की! मोडेममॅनेजर, म्हणजे लिनक्समधला मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम, जीपीएस आपणहून सुरू करत नाही एवढंच, सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं) त्याच कमांडला 'लोकेशन एनेबल जीपीएस एनएमईए' हा पर्याय द्यायचा. एनएमईए म्हणजे जीपीएसचे आकडे लिहायची ठरलेली पद्धत.

दिला, तरी खोलीत काहीच येईना. उपग्रह २०,२०० किमी वर, त्याचा सिग्नल खाली येईस्तोवर इतका क्षीण होतो की स्लॅबखाली लॅपटॉपला तो मिळतच नाही. त्यात प्रत्येक उपग्रह आपण नेमके कुठं आहोत हे सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं सांगतो, ही माहिती दर ३० सेकंदांनी परत येते, मधला तुकडा हुकला की पुढच्या फेरीची वाट बघायची. फोन हीच माहिती नेटवरून आधीच उचलतो म्हणून आपल्याला झटपट लोकेशनची सवय झालीय. लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो, काही मिनिटं हलवला नाही, आणि फिक्स, म्हणजे आपली नेमकी जागा, मिळाला. किमान ४ उपग्रह लागतात, तिघांवर जागा कळते असं वाटतं पण लॅपटॉपचं घड्याळ साधं असतं आणि १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर, ती चूक काढायला चौथा.

उघड्यावर अर्धा तास बसूनही काही नाही आलं तर कार्डावरची अँटेनाची वायर बघा. दोन बारक्या वायरी असतात, बऱ्याच कार्डांत जीपीएस दुसरीवर असतो, आणि कार्ड बदलताना नेमकी तीच निसटते.

आकडे वाचताना मात्र जपून. एनएमईएमध्ये कोल्हापूरचं अक्षांश १६४२ आणि रेखांश ०७४१४ असं काहीसं येतं, पुढं दशांश. ते १६ अंश ४२ मिनिटं, ७४ अंश १४ मिनिटं. १६.४२ आणि ७४.१४ समजून नकाशावर टाकलं तर तुम्ही ३० किमीहून जास्त लांब, गारगोटीच्या अलीकडं कुठंतरी दिसता.