दीव विमानतळ

दीव विमानतळ हा दीव बेटावर नागवा किनाऱ्यालगत असलेला लहान नागरी विमानतळ. बेट सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी, अरुंद खाडीपलीकडे आहे. पणजीपासून त्याचे सरळ अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर भरते. आज तो दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशात मोडतो. तरीही त्याची जन्मकथा गोव्याची आहे आणि गोव्यातील दाबोळी विमानतळाला वगळून ती सांगता येत नाही.

१९५४ च्या उन्हाळ्यापर्यंत पोर्तुगिजांचे गोवा, दमण व दीव हे विखुरलेले तुकडे समुद्रमार्गाने आणि भारतीय मुलखातून एकमेकांशी जोडलेले होते. त्या वर्षी दादरा व नगरहवेली मुक्त झाली. तिथे सैन्य नेण्यास भारताने वाट नाकारली, तेव्हा पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर सीमा बंद झाली आणि कुळेमार्गे गोव्यात येणारी रेल्वेही थांबली. दमणहून दीवला जमिनीने जायचे तर खंभातच्या आखाताला वळसा पडतो, आणि ती सगळी वाट भारतातून जाते. उरला तो हवाई मार्ग. दाबोळी, दमण आणि दीव येथील धावपट्ट्या त्याच सुमारास उभ्या राहिल्या. १९५५ मध्ये निघालेल्या ‘ट्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंदिया पोर्तुगेझा’ या सरकारी विमान कंपनीची विमाने त्यांना जोडू लागली. तिथून कराचीचीही वाट होती. आखूड धावपट्टीवर उतरू शकणारी चार इंजिनांची ‘हेरॉन’ विमाने या कामाला सोयीची होती. प्रवाशांची सोय झाली हे खरे. पण हे विमानतळ बांधले गेले ते नाकेबंदीत सत्ता टिकवण्यासाठी, हे विसरता कामा नये.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने दाबोळी आणि दीव या दोन्ही ठिकाणी हल्ले चढवले. दाबोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले, मात्र प्रवासी इमारतीला हात लावला नाही. रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टी घाईघाईने डागडुजी करून घेतली आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने निसटली. दीवला नियंत्रण मनोरा आणि बिनतारी केंद्र ‘तूफानी’ विमानांनी उद्ध्वस्त केले. धावपट्टीवर बाँब टाकायला निघालेली फेरी मात्र, खाली पांढरी निशाणे दिसल्याने, तशीच परतली. १९ डिसेंबरला दीवही मुक्त झाले. पोर्तुगीज विमान कंपनीची इथली सेवा तिथेच संपली.

पुढची २५ वर्षे दीवचा कारभार पणजीतून चालला. गोवा, दमण व दीवच्या ३० सदस्यांच्या विधानसभेत दीवचा एक आमदार असे. १९६७ च्या जनमत कौलात गोव्यासमोर महाराष्ट्रात विलीन होण्याचा प्रश्न होता, तर दमण-दीवसमोर गुजरातचा. दोघांनीही वेगळे राहणे पसंत केले. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि हे नाते तुटले. गोव्यात मुक्तिलढ्याची आठवण काढताना दीवचे नाव तोंडी येते, पण बेटाची माहिती फारशी येत नाही. ही उणीव भरून निघायला हवी.

तिन्ही धावपट्ट्यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. दाबोळीवर १९६४ मध्ये नौदलाचा हवाई तळ ‘आयएनएस हंसा’ आला आणि त्याच्या आश्रयाने नागरी वाहतूक वाढली. दमणला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. दीवचा विमानतळ नागरी राहिला. त्याची धावपट्टी सुमारे १,८०० मीटर लांब आहे, त्यामुळे ‘एटीआर’सारखी पंख्याची विमाने तिथे उतरतात. बराच काळ मुंबई-दीव ही जेट एअरवेजची फेरी त्याचा मुख्य आधार होती. २०१९ मध्ये ती कंपनी बंद पडली. रेल्वेने येणाऱ्यांना आजही गुजरातमधील देलवाडा हेच जवळचे स्थानक, आणि तिथून पूल ओलांडून बेटावर यावे लागते.