बहुवर्ग अध्यापन (खानदेश)

एकाच शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्तांना शिकविण्याची पद्धती. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील लहान शाळांत, विशेषतः सातपुड्यातील पाड्यांवर, ती नित्याची आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात; इयत्ता मात्र चार किंवा पाच असतात. त्यामुळे बहुवर्ग ही तात्पुरती अडचण न समजता अध्यापनाची स्वतंत्र रीत समजणे योग्य.

मोठ्या मुलाने धाकट्यास शिकविणे हा या रीतीचा गाभा. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १७८९ मध्ये मद्रासच्या एगमोर येथील लष्करी अनाथालयाची जबाबदारी घेतली. तेथील प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला छापला गेला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये शाळा काढली; पुढे तेथेही मुलेच मुलांना शिकवू लागली आणि श्रेय कोणाचे, यावर इंग्लंडात दीर्घकाळ वाद झाला. त्या वादात भारतीय शाळा मागे पडते. वाळूत बोटाने अक्षरे काढण्याची रीत मलबारी मुलांकडे पाहिल्याचे बेल सांगतो. मुलांकरवी मुलांना शिकविण्याची कल्पना मात्र तो स्वतःची म्हणून मांडतो. परंतु इटालियन प्रवासी प्येत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये कानडी मुलखात एका देवळाच्या ओवरीत चार मुले पाहिली होती. गुरुजी नसताना ती एकमेकांकडून अंकगणित पक्के करून घेत होती. जमिनीवर बारीक वाळू पसरून त्यात अंक काढीत आणि ते सुरात म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनीही १८१४ च्या खलित्यात ही पद्धती भारतात फार पूर्वीपासून चालत आल्याचे आणि बेलमार्फत इंग्लंडात गेल्याचे नमूद केले आहे. हे पाहता वाळू आणि मॉनिटर (इतर मुलांना शिकविणारा विद्यार्थी) या दोन्ही गोष्टी येथील शाळांत आधीपासून होत्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांना शिस्तबद्ध व्यवस्थेचे रूप देण्याचे काम बेलचे. धूळपाटी, परवचा आणि पावकी-निमकी यांवर चालणाऱ्या महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळा याच वळणाच्या होत्या. १८१८ मध्ये ब्रिटिश अंमल आला तेव्हा खानदेशातही बहुधा अशाच शाळा असाव्यात.

आजच्या वर्गात एक गट शिक्षकाजवळ आणि दुसरा स्वयंअध्ययनात, अशी आलटून-पालटून विभागणी असते. तिचे यश दुसऱ्या गटाच्या हाती काय आहे यावर ठरते. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या काड्या हे येथील फुकटचे साहित्य. पहिलीची मुले त्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधतात; तेच गठ्ठे दुसरीकडे जातात. ३४ मधून १८ वजा करताना सुट्या काड्या चारच असल्याने मुलाला एक गठ्ठा सोडावा लागतो आणि हातच्याची वजाबाकी त्याला स्वतःच्या हाताने कळते. एकच साहित्य दोन इयत्तांना पुरते. शिकविणाऱ्या मोठ्या मुलाची पाळी मात्र छोटी असावी. त्याचा स्वतःचा पाठ बुडता कामा नये. वाचनासाठी हाताने लिहिलेली भित्तिपत्रके उपयोगी पडतात. या कामाला खानदेशात मोठी परंपरा आहे: अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत.

बोलीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. अहिराणी, लेवा, गुजरी, भिली, पावरी, मावची अशा घरबोली घेऊन मुले शाळेत येतात. भारतीय भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने खानदेशीची (अहिराणीची) नोंद भिली भाषांबरोबर केली. त्या वर्गीकरणाचा वाद भाषाशास्त्राचा आहे. वर्गात ‘माले भूक लागनी’ हे वाक्य मूल बोलते तसेच फळ्यावर लिहावे, खाली ‘मला भूक लागली’ लिहावे आणि पहिले वाक्य खोडू नये. पावरी पाड्यांवर बाहेरून आलेल्या गुरुजींना बोली येत नाही. तेथे चौथी-पाचवीतली मुले दुभाष्याचेही काम करतात. नर्मदा बचाव आंदोलनाने चालविलेल्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी स्थानिक बोलीपासून सुरुवात करण्यावर भर दिला.

शिक्षकांना आधार मुख्यतः केंद्रपातळीवरील (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, केंद्रप्रमुख आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) यांचा. परिषदेचा वेळ परिपत्रके वाचण्यात गेला तर दोनशिक्षकी शाळेच्या हाती काहीच लागत नाही. खऱ्या बहुवर्गात घेतलेला एक प्रात्यक्षिक पाठ आणि त्यावरची मोकळी चर्चा अधिक कामाची. सोबतचा शिक्षक रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेला की शाळा एकशिक्षकी होते, म्हणून दोघांनी आठवड्याचे नियोजन एकत्र करून ठेवणे आवश्यक.

हजेरी हंगामानुसार हलते. कापूस वेचणीत ती घटते, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसोबत मुलेही जातात, होळीपूर्वी भोंगऱ्या बाजाराच्या (आदिवासींच्या सणाच्या बाजाराच्या) दिवसांत पाडे रिकामे होतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात. परतणाऱ्या मुलांसाठी इयत्तेऐवजी वाचन व गणिताच्या स्तरानुसार गट करणे सोयीचे ठरते, कारण तिसरीचे मूल दुसरीच्या गटात बसले तरी बहुवर्गात ते वेगळे पडत नाही.