प्रतिपिंड चाचणी : अभिकर्मकांची स्थिरता व दोषशोधन

रुग्णाच्या सीरममधली प्रतिपिंडे (परक्या लालपेशींना चिकटणारी प्रथिने) शोधायला रक्तपेढीत दोन अभिकर्मके, म्हणजे चाचणीचे पदार्थ, लागतात : प्रतिपिंडे चिकटलेल्या लालपेशींची गुठळी करणारे कूम्ब्स सीरम आणि ज्यांच्यावरचे प्रतिजन (रक्तगटाच्या खुणा) ठाऊक आहेत अशा स्क्रीनिंगच्या लालपेशी. त्यांचा गुण टिकवणे आणि निकाल संशयास्पद आला तर चूक नेमकी कुठे झाली ते हुडकणे, ही या विषयाची दोन अंगे. विदर्भाच्या ग्रामीण भागात, विशेषतः गडचिरोली आणि चंद्रपूरकडे, सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांतल्या अनेकांना वरचेवर रक्त चढवावे लागते. अशा रुग्णांच्या शरीरात आरएच, केल यांसारख्या रक्तगटांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता वाढत जाते, म्हणून इथे ही चाचणी चुकून चालत नाही.

अभिकर्मके २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यात रात्री वीज गेली की फ्रीज तापतो. सकाळी मात्र काटा पुन्हा ४ वर असतो आणि काही घडल्याची खूणही उरत नाही. म्हणून तापमानाची सलग नोंद ठेवणारे यंत्र हवेच. थंडीही तितकीच घातक आहे. फ्रीजरच्या कप्प्याला टेकलेली बाटली गोठते आणि स्क्रीनिंगच्या पेशी फुटतात. पेशींवरचा द्रव गुलाबी-लाल दिसला तर ती बाटली बाजूला काढावी. या पेशींची मुदत मुळातच काही आठवड्यांची असते.

कूम्ब्स सीरम बिघडले तर बहुधा डोळ्यांना काहीच कळत नाही. कूम्ब्स, मोरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत रुग्णाच्या सीरममध्ये मिसळलेल्या लालपेशी कूम्ब्स सीरम घालण्याआधी सलाईनने तीन-चार वेळा धुतात. धुण्यात कसूर झाली तर मागे राहिलेले रुग्णाचे ग्लोब्युलिनच (सीरममधले मोकळे प्रथिन) कूम्ब्स सीरमला निष्प्रभ करते. मग गुठळी होत नाही आणि अहवालात ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते. खोट्या पॉझिटिव्हमुळे रक्ताला उशीर होतो, हा खोटा निगेटिव्ह मात्र जिवावर बेततो.

म्हणूनच प्रत्येक निगेटिव्ह नळीत चेक सेल घालायचे. या आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांनी माखलेल्या लालपेशी असतात. त्यांची गुठळी झाली तर कूम्ब्स सीरम कामात होते. झाली नाही तर चाचणी बाद, निकाल कितीही स्वच्छ दिसो. अशा वेळी आधी धुण्याची पद्धत, मग सलाईनचा सामू, सेंट्रिफ्यूजचा वेग आणि वॉटर बाथचे ३७ अंश तपासावेत. बाटली बदलण्याची पाळी त्यानंतर. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. चेक सेल महाग पडतात म्हणून ते वाचवणे ही चुकीची काटकसर आहे. ओ पॉझिटिव्ह पेशींना अँटी-डी (त्यांच्यावरच्या डी प्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंड) लावून ते पेढीतही तयार करता येतात.

तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याच्या रक्तपेढीकडे नमुना पाठवताना सोबत रुग्णाचे जुने अहवालही द्यावेत. किड या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे काही महिन्यांत इतकी क्षीण होतात की ताजी चाचणी निर्दोष असूनही निगेटिव्ह येते. तरीही पूर्वी एकदा ती सापडलेली असतील तर त्या रुग्णाला तो प्रतिजन नसलेलेच रक्त द्यावे लागते.