उलटा खांदा आणि नवे हात

एमआरआयच्या रिपोर्टात 'सुप्रास्पायनॅटस टेअर' (खांद्याच्या एका कंडरेला गेलेली फाट) असे शब्द दिसले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. ऑपरेशन करायचं का, आणि कोणाकडे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत तयारच असतं: केस पिकलेला सर्जन बरा, नव्या पोराच्या हाती खांदा कशाला द्यायचा? मला हे उत्तर अर्धवट वाटतं. खांद्याची शस्त्रक्रिया गेल्या पंचवीस वर्षांत इतकी पालटली आहे, की सर्जन कोणत्या काळात शिकला यावरून तो काय करील याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

अमेरिकेत तर या अंदाजाला आकड्यांचा आधार आहे. तिथे ऑर्थोपेडिक्सची पाच वर्षांची रेसिडेन्सी (वरिष्ठांच्या हाताखालचं प्रशिक्षण) आणि लेखी परीक्षा झाली तरी सर्जनांना प्रमाणित करणाऱ्या बोर्डाचं प्रमाणपत्र हाती पडत नाही. स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केल्यावर सहा महिन्यांत केलेल्या सगळ्या शस्त्रक्रियांची यादी, झालेल्या गुंतागुंतींसकट, बोर्डाकडे द्यावी लागते. त्यांतल्या काही केसेस निवडून परीक्षक तोंडी परीक्षेत उमेदवाराला सोलून काढतात. वर्षानुवर्षांच्या या याद्या एकत्र केल्या की नव्या सर्जनांचा कल दिसतो. उदाहरणार्थ, वारंवार निखळणाऱ्या खांद्याची बँकार्ट दुरुस्ती, म्हणजे खोबणीपासून सुटलेली कूर्चेची कड हाडाला पुन्हा बांधणं. नव्या सर्जनांनी २००३ ते २००५ या काळात केलेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी ७१.२ टक्के दुर्बिणीतून झाल्या होत्या. २००६ ते २००८ मध्ये ८७.७ टक्के. (दुर्बिणीतून म्हणजे 'लेझरने' नव्हे. छोट्या छिद्रातून कॅमेरा घालतात, एवढंच.) अर्थात या नोंदी सर्जनांनी स्वतःच भरलेल्या असतात, आणि खांदा तीन वर्षांनी पुन्हा निखळला तर ते यादीत येत नाही.

हिशोब द्यायची कल्पना खांद्याच्याच एका सर्जनची. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ मध्ये फाटलेला रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या कंडरांचा पट्टा, शिवला होता. प्रत्येक रुग्णाचं शेवटी काय झालं ते रुग्णालयाने तपासावं, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांमागे १२३ चुका झाल्याचं त्यांनी छापून टाकलं. सहकाऱ्यांना हे आवडलं नाही, हे सांगायला नकोच.

पण मला भुरळ घालतो तो 'उलटा खांदा', म्हणजे चेंडू आणि वाटी यांच्या जागा उलटवलेला कृत्रिम सांधा. शाळेत आपण खांद्याला उखळीचा सांधा म्हणून शिकतो, पण ही उखळ बशीइतकी उथळ असते आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचं डोकं मोठ्या लिंबासारखं टेकलेलं असतं. चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे तोच रोटेटर कफ, ते डोकं बशीत दाबून धरतात. खांद्याची गोलाई ज्याच्यामुळे दिसते तो डेल्टॉइड स्नायू हात उचलतो. पण हात खाली लोंबत असताना त्याची ओढ जवळजवळ सरळ वर असते. कफ शाबूत असेल तर डोकं जागेवर राहून फिरतं आणि हात उचलला जातो. कफ पार निकामी झाला असेल तर डोकं नुसतंच वर सरकून ॲक्रोमियनच्या, म्हणजे खांद्याच्या माथ्यावरच्या, हाडाला भिडतं. माणूस खांदे उडवतो, हात काही वर जात नाही. अशा खांद्यात नेहमीचा कृत्रिम सांधा बसवला तरी डोकं वरच सरकतं, आणि बशीच्या एकाच कडेवर दाब येऊन ती सैल होते.

मग चेंडू बशीच्या जागी बसवला आणि वाटी दंडाच्या हाडावर, तर? १९७० च्या दशकात हे करून झालं होतं. पण त्या सांध्यांचं फिरण्याचं केंद्र खांद्याच्या फऱ्यापासून बाहेर पडत असे, आणि प्रत्येक उचलीला स्क्रू उचकटले जात. फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये आपली रचना पुढे आणली. १९९१ च्या 'डेल्टा ३' मध्ये चेंडूचा बिनमानेचा अर्धगोल थेट हाडाला टेकला. त्यामुळे केंद्र हाडाच्या पृष्ठभागावरच आलं, आणि उचकटणाऱ्या बलाचं बरंचसं दाबात रूपांतर झालं. आता तरफेचा नियम आठवा: टॉर्क म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचं लंब अंतर. टेकू, म्हणजे इथे फिरण्याचं केंद्र, आत सरकला, म्हणून डेल्टॉइडच्या ओढीची रेषा त्यापासून लांब गेली आणि तेवढ्याच बलात जास्त टॉर्क मिळाला. पूर्वी नुसते पुढे-मागे ओढणारे काही तंतूही उचलायच्या कामाला लागले. टेकू खालीही सरकला, म्हणून डेल्टॉइड ताणला गेला आणि त्याचा जोर वाढला. कफ नसतानाही हात वर जाऊ लागला!

किंमत मोजावी लागलीच. ग्रामाँच्या रचनेत वाटी दंडाच्या हाडाशी १५५ अंशांचा कोन करते, त्यामुळे तिची कड फऱ्याच्या हाडाला घासून खाच पाडते, म्हणून पुढच्या अनेक रचनांनी कोन कमी केला आणि केंद्र पुन्हा थोडं बाहेर आणलं. कफमधला टेरेस मायनर स्नायूही गेला असेल तर हात बाहेरच्या बाजूला फिरवणं अवघडच राहतं. ताण जास्त झाला तर ॲक्रोमियन तडकू शकतं, डेल्टॉइडला चालवणारा ॲक्सिलरी मज्जातंतू दुखावू शकतो. कमी पडला तर सांधा निखळतो.

अमेरिकेत या सांध्याला परवानगी मिळाली २००३ च्या अखेरीस. त्याआधी शिकलेल्यांना तो प्रॅक्टिस करता करता शिकावा लागला. नंतरच्यांनी तो रेसिडेन्सीत वरिष्ठांच्या हाताखाली केला. केस पिकण्याचा इथे फारसा संबंध नाही.

म्हणून नवं ते सगळं खरं, असंही नाही. खांदेदुखीवर ॲक्रोमियनचं हाड तासण्याची शस्त्रक्रिया अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांच्या १९७२ च्या लेखानंतर पसरली, दुर्बिणीमुळे तर फारच सोपी झाली, आणि पिढ्यांनी ती गुरूकडून घेतली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर तुलना केली: काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली, काहींवर काहीच केलं नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. हाड तासल्याचा नुसत्या दुर्बिणीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. होर्डिंगवरच्या 'रोबोटिक' जाहिराती वाचताना ही चाचणी लक्षात असू द्यावी.

शिकवण्याची पद्धतही आता तपासली जाते. उत्तर अमेरिकेतल्या आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून करायची शस्त्रक्रिया) संघटनेच्या एका प्रयोगात काही रेसिडेंट्सना खांद्याच्या मॉडेलवर ठरावीक पातळी गाठल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी मृतदेहाच्या खांद्यावर बँकार्ट दुरुस्ती करताना त्यांच्या चुका नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरल्या. उलट्या खांद्याचं असं सहज जमत नाही. प्लास्टिकच्या मॉडेलला डेल्टॉइड नसतो, मृतदेहातल्या स्नायूला जिवंत ताण नसतो, आणि भूल दिलेल्या रुग्णाचा स्नायूही ढिला पडलेला असतो. तरी सर्जनला तात्पुरती वाटी बसवून, हात ओढून-फिरवून, शुद्धीवर आल्यावर हा डेल्टॉइड किती ताणेल ते त्याच वेळी ठरवावं लागतं. वाटी आणखी काही मिलिमीटर जाड घ्यायची की नाही, हे आजही शेजारी उभा असलेला वरिष्ठच शिकवतो.