कलावंत आणणे (ग्रामीण विदर्भ)

दहीहंडी, पट (बैलजोड्यांची शर्यत), जयंती किंवा स्वतःच्या वाढदिवसाला पुढाऱ्याने सिनेमातला, गाण्यातला वा रील्समधला गाजलेला चेहरा गावी आणायचा आणि त्याच्याभोवती तरुणांची फळी उभी करायची, अशी प्रथा. मताशी तिचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. नटी पाहायला आलेला माणूस मत देईलच असे नाही, हे पुढाऱ्यालाही कळते. त्याचा डोळा असतो मंडळाच्या पोट्ट्यांवर. डीजे, टी-शर्ट, फ्लेक्सवर कोपऱ्यात छापलेला फोटो आणि कलावंतासोबत एक सेल्फी एवढ्यावर ती ‘भाऊची माणसं’ होतात. मग कापसाच्या भावाचा किंवा रखडलेल्या भरतीचा प्रश्न भाऊला चारचौघांत विचारणे त्यांना जड जाते.

कायद्याची चौकटही या प्रथेच्या सोयीची आहे. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक नेमता येतात. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते; पण श्रावणातल्या दहीहंडीला ना आचारसंहिता, ना हिशेब. मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले, तेव्हापासून कॉलेजातल्या पोरालाही भाव आहे.

राज्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र मुंबईचे. शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेने १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत मायकल जॅक्सनचा कार्यक्रम घेतला, तोही बेरोजगार तरुणांच्या नावाने. युती सरकारने करमणूक कर माफ केला, ग्राहक पंचायत कोर्टात गेली आणि माफीचा वाद २०२१ पर्यंत चालला.

चेहऱ्याची ताकद किती, याचा हिशेब अमरावतीत मांडता येतो. सिनेअभिनेत्री नवनीत राणा तिथून २०१४ मध्ये हरल्या, २०१९ मध्ये अपक्ष म्हणून जिंकल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा हरल्या.

पूर्वेकडे, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात), गोष्ट जुनी आणि जरा वेगळी आहे. दिवाळीनंतर वडसा (देसाईगंज) येथील नाटक कंपन्या गावोगावी जातात. दिवसा पट, रात्री नाटक. नाटक गावातलेच मंडळ ठेवते, तिकीट लावते. पत्रकावर कलावंतांच्या जोडीला उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी अशी भली मोठी यादी असते. कधी कधी ती पात्रांपेक्षा लांब भरते. उद्घाटकाने देणगी द्यावी, भाषण आटोपते घ्यावे, असा अलिखित करार. भाषण लांबले की मंडपातून शिट्ट्या सुरू होतात. इथे पुढारी मंडळाच्या दारी येतो, म्हणून पोरे त्याची तितकीशी मिंधी होत नाहीत.

गाण्याने तरुण गोळा होतात, हे विदर्भाला डीजेच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीमागे गावेच्या गावे जात. त्यांच्या भजनांनी भारलेले चिमूर आणि आष्टी १६ ऑगस्ट १९४२ रोजी पेटले, आणि इंग्रज सरकारने महाराजांना तुरुंगात टाकले.