मीठ-साखरेचे पाणी आणि आतड्यातले एक दार

जुलाब होत असलेल्या मुलाला पाणी पाजले तर जुलाब वाढतात, म्हणून त्याचे पाणी तोडावे, हा समज अजूनही अनेक घरांत टिकून आहे आणि तो मुलाच्या जिवावर बेतू शकतो. मुलाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तिची वळी सावकाश ओसरली, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही, तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली किंवा लघवी थोडी आणि गडद पिवळी झाली, तर शरीरातले पाणी घटले आहे असे समजावे. वृद्धांची कातडी एरवीही सैल असते आणि तहानही कमी लागते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत लघवीकडे आणि अचानक आलेल्या ग्लानीकडे लक्ष द्यावे.

जुलाबात नुसते पाणी पुरत नाही, कारण आतड्यातले पाणी क्षारांच्या मागोमाग रक्तात जाते. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचे प्रथिन असते. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेते आणि दोहोंपैकी एक नसेल तर हे दार चालत नाही. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा पंप सोडियम सतत बाहेर काढत असल्यामुळे पेशीत त्याची कायम टंचाई राहते, त्या ओढीने सोडियम ग्लुकोजला घेऊन आत येतो आणि परासरणाने, म्हणजे विरघळलेले पदार्थ जास्त असतील तिकडे सरकण्याच्या गुणाने, पाणीही येते. कॉलऱ्याच्या विषामुळे पेशी क्लोराइड आणि पाणी बाहेर ओतू लागतात, पण हे दार शाबूत राहते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच दाराच्या भरवशावर मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी रुग्णांना पाजले, आणि सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

साखर जास्त झाली तर परासरण उलटे होऊन पाणी आतड्यातच ओढले जाते. म्हणून ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या अशा क्षार-साखरेच्या पाण्याच्या, जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या सूत्रात एका लिटरमध्ये सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल, म्हणजे कणांच्या संख्येने सारखेच, असतात, आणि म्हणूनच अतिगोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेली मनाई फार आवश्यक होती. ओआरएसची पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा, दोन्ही काठाशी सपाट करून, घालावेत. हे पाणी चमच्याचमच्याने पाजावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे आणि उरलेले २४ तासांनी टाकून द्यावे. अंगावरचे दूध मात्र चालूच ठेवावे. मूल सुस्त पडले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले, तर तातडीने दवाखाना गाठावा.